मत बदललं की शीव?

अमेरिकेचा निवडणूक नकाशा मला एका बैठकीत समजला. टेक्सासने १९७६ साली डेमोक्रॅट जिमी कार्टर यांना कौल दिला, त्यानंतर त्या पक्षाला कधीच नाही. कॅलिफोर्नियाने १९८८ला रिपब्लिकन थोरल्या बुश यांना निवडलं आणि मग त्या पक्षाकडे पाठच फिरवली. राज्यांच्या सीमा त्याच, पक्षांची नावंही तीच. असाच नकाशा आपल्या आंबिवलीचा करायला बसले आणि डोकं गरगरलं.

आंबिवली भिवंडी लोकसभेत. २००९ला काँग्रेसचे सुरेश टावरे, २०१४ आणि २०१९ला भाजपचे कपिल पाटील, २०२४ला राष्ट्रवादी शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा. शेजारच्या कल्याण लोकसभेत मात्र २००९पासून शिवसेनाच. तिचे दोन तुकडे झाल्यावर शिंदे गट. आता ही जुनीच शिवसेना धरायची की नवा पक्ष? आणि २००९च्या मागे गेलं की वाटच तुटते, कारण मतदारसंघांच्या सीमाच वेगळ्या. तेव्हाचा ठाणे मतदारसंघ अवाढव्य होता. प्रकाश परांजपे १९९६पासून ओळीने चारदा तिथून जिंकले. ते आकडे आजच्या भिवंडीला जोडणार कसे?

२०२४ला नीलेश सांबरे यांनी अपक्ष उभं राहून दोन लाखांवर मतं घेतली. म्हणजे हवा फिरली की मतं फुटली? एकट्या आंबिवलीने काय केलं, हे मतदारसंघाच्या निकालावरून कळतच नाही. त्यासाठी नमुना २०, म्हणजे केंद्रवार निकालाचा तक्ता, उघडावा लागतो. त्यात एका ओळीत एक मतदान केंद्र, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, मग नोटा, तळाशी टपाली मतं. केंद्राचा नुसता क्रमांक. ते ज्या शाळेत भरतं तिचं नाव वेगळ्या यादीत. मतदार वाढले की केंद्रं फुटतात आणि क्रमांक सरकतात. म्हणून मी क्रमांक सोडले आणि शाळेच्या नावांवरून जुळवणी सुरू केली. निवडणूक आयोगाने केंद्रांच्या हद्दींचे नकाशे वर्षवार जपून निकालासोबतच द्यावेत, असं मला फार वाटतं. आपल्या गल्लीचा कौल पाहणं सामान्य मतदाराला एवढं अवघड असू नये.

शाळा जुळल्या तरी माणसं जुळत नाहीत. आंबिवलीजवळच्या मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ला बंद पडला, कामगार कुटुंबं पांगली. इकडे स्टेशनच्या आसपास नव्या इमारतींत नवी नावं आली. तेव्हा मत बदललेलं दिसतं, ते कुणाचं? त्यासाठी आता मतदार याद्या मिळवते आहे.