ट्रॉम्बोनवाल्याला पत्र

पुणे

चि. सोनू,


परवा फोनवर वैतागला होतास. बँडमध्ये ट्रॉम्बोनवाल्याला कोणी विचारत नाही, ध्रुवपदाला दोन फुंका मारायच्या आणि पुन्हा खांबासारखं उभं राहायचं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहितोय.

१९६७च्या फेब्रुवारीत शिकागोत वॉल्टर पॅराझेडरच्या घरी सहा जण जमले. हा गडी क्लॅरिनेट शिकलेला, पण बीटल्सच्या एका गाण्यातले ट्रम्पेट-सॅक्सोफोन ऐकून त्याच्या डोक्यात किडा वळवळला: फुंकणारे कायमचे सोबत असलेला रॉक बँडच काढायचा. त्यानं सॅक्सोफोन घेतला, ली लॉकनेननं ट्रम्पेट, जेम्स पँकाउनं तुझा ट्रॉम्बोन. बेसवाला नव्हताच, रॉबर्ट लॅम ऑर्गन वाजवता वाजवता पायानं बेसचे सूर दाबायचा. पीटर सेटेरा नंतर आला.

पुढच्या वर्षी निर्माता जेम्स ग्वेर्सिओनं त्यांना लॉस एंजेलिसला नेलं. नाव पडलं ‘शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी’, म्हणजे आपल्या जुन्या बससेवेचं ‘पीएमटी’ हे नाव एखाद्या बँडनं लावण्यासारखं! खऱ्या परिवहनवाल्यांनी कोर्टाची भीती घातली, तेव्हा नुसतं ‘शिकागो’ उरलं.

१९६९ची त्यांची पहिलीच तबकडी दुहेरी. तिचं पहिलं गाणं ‘इंट्रोडक्शन’ लिहिलं गिटारवाल्या टेरी काथनं, गायलाही तोच. मध्येच लय सैलावते आणि एकट्याचा ट्रॉम्बोन पुढे येतो, मग ट्रम्पेट, आणि गिटारची पाळी त्यानंतर. काथ गिटारवर असा काही पेटतो की ऐकत राहावं, पण आधी त्यानं दोघांना वाट दिलेली असते. तिथे कान देऊन ऐक.

पँकाउ फुंकवाद्यांचे तुकडे गायकाची ओळ लिहावी तसे लिहायचा. दुसऱ्या तबकडीत त्यानं जवळजवळ तेरा मिनिटांची सलग रचना केली. तिच्यातलं कापून काढलेलं ‘मेक मी स्माइल’ हे गाणं १९७० साली अमेरिकेत नवव्या क्रमांकावर गेलं, बँडचं पहिलं ‘टॉप टेन’. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझरनं या तिघा फुंकणाऱ्यांना मागे ढकललं; ती गाणी खपली खूप, मला मात्र ऐकवत नाहीत.

पुढच्या तालमीला तुझ्या गिटारवाल्याला एवढंच विचार: ‘मेक मी स्माइल’ कोणी लिहिलं?

तुझा,
मामा