वैशाखऱ्याचे दोन दिवस

आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी मुलांनी एक लिफाफा आमच्या हाती ठेवला. आत मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळच्या एका हॉटेलातील दोन रात्रींच्या मुक्कामाची पावती होती. हॉटेल साधेसुधे नव्हे, ‘स्पा’! तेलमर्दन, वाफारा, पोहण्याचा तलाव आणि खोलीच्या खिडकीतून सह्याद्री. ‘‘तुम्ही दोघांनी आयुष्यात कधी विश्रांती घेतलीच नाही,’’ असे लेक म्हणाली. ते खोटे नव्हते. वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाची विश्रांती म्हणजे दुपारच्या जेवणानंतर ओटीवर घटकाभर पाठ टेकणे. तिच्यासाठी पैसे मोजावयाचे असतात, हे आम्हांला या वयात समजले.

ईस्टरनंतरच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी आम्ही निघालो. येणारा रविवार दिव्य दयेचा. त्या दिवशी मिस्सेला कोठे जावयाचे, हा विचार निघताना आमच्या मनात आला नाही, हे येथे आधीच कबूल करतो. आला असता तर ‘प्रवासात आहोत’ या सबबीखाली आम्ही तो बाजूस सारला असता, हेही कबूल करतो.

कल्याण सोडले, उल्हास नदी ओलांडली आणि मुरबाडची वाट धरली. मुरबाडनंतर सरळगाव, टोकावडे आणि मग वैशाखरे; कल्याणपासून साठेक किलोमीटरांचे अंतर. टोकावड्यानंतर समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि तीत नाणेघाटाचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. तरुणपणी धर्मग्रामातील युवकांबरोबर याच पायथ्यावरून आम्ही घाट चढलो होतो. माथ्याजवळ कातळात कोरलेले लेणे आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतील लेख त्याच्या भिंतींवर आहे. यज्ञांत दान केलेल्या गाईघोड्यांची आणि नाण्यांची मोजदाद त्यात आकड्यांनी कोरली आहे. भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी ते एक होय. आम्हां वसईकरांना या वाटेचे अगत्य वाटावे याचे कारण निराळे. आपल्या शेजारच्या सोपारा बंदरात उतरलेला माल जुन्नरकडे जाई तो याच घाटाने. नाणेघाटातील अंकांचा अभ्यास करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीच १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप खणून काढला. घाटात लेण्याशेजारी पाण्याची टाकी खोदलेली आहेत, माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण आहे. म्हणजे वाटसरूने जकात द्यावी, सावलीत बसावे, पाणी प्यावे आणि पुढे जावे, अशी सोय होती. त्या टाक्यातील थंडगार पाण्याने तोंड धुतल्याची आठवण आम्हांला अजून आहे.

हॉटेलच्या दारात मात्र गवती चहाचे सरबत आणि सुगंधी पाण्यात भिजविलेले गार पंचे घेऊन दोन मुले उभी होती. हिरवळीवर एक बैलगाडी शोभेसाठी ठेवली होती. तिची चाके सिमेंटमध्ये पक्की केलेली पाहून सौ. म्हणाल्या, ‘‘आता हिलाही विश्रांतीच.’’ खोली सुरेख होती. भिंतींवर वारली चित्रे, न्हाणीघर आमच्या स्वयंपाकघराहून मोठे. जेवणात नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा आला. चव उत्तम, पण ‘ग्रामीण थाळी’ या नावाखाली छापलेली किंमत वाचल्यावर आम्ही ती भाकरी अधिक आदराने खाल्ली. रात्री मासळीची आठवण झाली, ती दोघांनीही बोलून दाखविली नाही.

‘स्पा’ हा शब्द बेल्जियममधील त्याच नावाच्या गावावरून आला. तेथील खनिज झऱ्यांचे पाणी प्यावयास नि त्यात स्नान करावयास युरोपभरचे लोक येत. आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. आमच्या लहानपणी सांधे धरलेली वडीलधारी मंडळी तानसा नदीकाठच्या अकलोलीच्या गरम कुंडांवर जात आणि कपड्यांना गंधकाचा वास घेऊन परतत. जलोपचाराचा एक मोठा पुरस्कर्ता तर आपल्यापैकीच, एक कॅथलिक धर्मगुरू होता. बव्हेरियातील फादर सेबास्टियन क्नाइप (१८२१ ते १८९७) हे विद्यार्थिदशेत क्षयाने खंगले असता डॅन्यूब नदीच्या बर्फगार पाण्यात बुड्या मारून बरे झाले. पुढे वोरिसहोफेन येथील मठात त्यांनी थंड पाणी, साधे अन्न, वनस्पती आणि अनवाणी चालणे यांवर उपचारपद्धती उभारली. १८८६ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर त्या खेड्यात देशोदेशीचे रुग्ण लोटले. ही हकीकत आम्ही सौं.ना तलावाच्या काठावर बसून सांगितली. त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि फादर क्नाइप यांच्या आठवणीसाठी पाच मिनिटे तसेच ठेवले.

शनिवारी सकाळी मर्दन झाले. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर परक्या माणसासमोर उघडे पालथे पडण्याची आम्हांला प्रथम फार लाज वाटली. मर्दन करणारा तरुण जवळच्याच एका पाड्यावरचा ठाकर होता. त्याचे हात शेतकऱ्याचे होते. ‘‘काका, पाठ लय आखडलीय, सैल सोडा,’’ तो म्हणाला आणि चाळीस वर्षे उचललेल्या केळीच्या घडांचा सगळा भार त्याने तासाभरात खांद्यांतून जणू उतरवून ठेवला. आम्ही त्या टेबलावर झोपलो. इतकी गाढ झोप आम्हांला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. मुलांच्या पैशांचे चीज झाले, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो.

जागे झाल्यावर गप्पा निघाल्या. पहाटे मागच्या फाटकातून पाण्याचा टँकर आत येताना आम्ही पाहिला होता. त्याविषयी विचारले. ‘‘पाड्यावर पण येतो, पण रोज नाय,’’ तो सहजपणे म्हणाला. पावसाळ्यात या डोंगरांवर धो धो पाणी कोसळते, पण काळ्या कातळात ते मुरत नाही, वाहून जाते. शेजारच्या शहापूर तालुक्यात तर तानसा आणि भातसा यांसारखी धरणे मुंबईची तहान भागवितात आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे टँकरची वाट पाहतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मागे ‘हरित वसई’च्या मोर्चात आम्ही चाललो होतो. आपल्या विहिरींचे पाणी टँकरमधून बाहेर जाऊ नये म्हणून घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. त्या दुपारी तलावात उतरताना घोषणा देणारा तो तरुण काठावर उभा आहे, असे आम्हांला वाटले. तरीही आम्ही उतरलो. ऊन फार होते.

सौं.ना मर्दन करणारी मुलगी झारखंडची होती. सिमडेगा जिल्ह्यातील. गळ्यातील जपमाळ काढून सौं.नी बाजूच्या तबकात ठेवली, तेव्हा तिने तिच्याकडे पाहिले आणि हळूच म्हटले, ‘‘जय येसु, आंटी.’’ तिकडच्या कॅथलिकांचे अभिवादन असे असते. फादर कॉन्स्टंट लिवेन्स या बेल्जियन येशूसंघीय मिशनऱ्याने १८८५ पासून छोटा नागपूरच्या आदिवासींत जे कार्य केले, त्याचेच हे फळ. पुढचा तासभर मर्दन कमी आणि बोलणे जास्त झाले. गावात आई, दोन धाकटे भाऊ, पत्र्याच्या छपराचे चर्च. येथे पगार वेळेवर मिळतो, राहण्याजेवण्याची सोय आहे, कोणी वाईट वागत नाही. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी.

‘‘आणि रविवारी?’’ सौं.नी विचारले.

‘‘रविवारीच तर गेस्ट असतात, आंटी.’’ नाताळनंतर तिला मिस्सा मिळाली नव्हती. ईस्टरच्या दिवशी सकाळी सहा आणि दुपारी चार अशी तिची कामे होती. घरून आईने फोनवर विचारले, तेव्हा ‘हो, गेले होते’ असे ती खोटे बोलली होती. ते सांगताना तिचे हात थांबले, असे सौं.नी आम्हांला सांगितले.

त्या रात्री आम्हां दोघांना त्या मऊ गादीवर झोप लागली नाही. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे आम्हांला आठवले. मुंबईच्या गिरण्यांत सातही दिवस राबणाऱ्या कामगारांसाठी त्यांनी १८८४ पासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. गिरण्यांतील बहुसंख्य मजूर हिंदू, म्हणून रविवार हा खंडोबाचा वार आहे, असाही त्यांचा युक्तिवाद असे. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक निघाले आणि कामगाराला प्रभूच्या दिवशी विश्रांती मिळाली पाहिजे, असे त्यात त्यांनी निक्षून सांगितले. आणि या दोहोंच्या कितीतरी आधी, निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आज्ञा दिली आहे ती नुसती ‘तू विश्रांती घे’ अशी नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत आलेला परका, अशी यादीच तेथे आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ती यादी मुलांकडून पाठ करून घेत असू. परका म्हणजे कोण, असे एकाही मुलाने कधी विचारले नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते.

सकाळी गाडी काढून तिला कल्याणच्या लूर्डमातेच्या चर्चमध्ये नेऊन आणावे, असे आम्ही ठरविले. रात्री दहाला व्यवस्थापकांकडे गेलो. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी संगणकात पाहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, उद्या नऊला तिच्याकडे बुकिंग आहे.’’ कोणाचे, असे आम्ही विचारले. त्यांनी पडदा आमच्याकडे वळविला. नाव आमचेच होते. मुलांनी दिलेल्या भेटीत रविवारचे दुसरे मर्दन धरलेले होते!

ते रद्द करावे, असे आम्ही म्हटले. त्यांनी लगेच केले. पण दहा मिनिटांत खोलीतला फोन वाजला. नऊची वेळ रिकामी झालेली पाहून पुण्याच्या एका कुटुंबाने ती घेतली होती. व्यवस्थापक मनापासून दिलगीर होते. ‘‘शनिवार-रविवारवरच आमचा आठवडा चालतो,’’ असे ते म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते. त्यांना स्वतःलाही गेल्या चार रविवारांत घरी जाता आले नव्हते.

मग आम्ही एवढेच केले. पहाटे साडेपाचला, कर्मचाऱ्यांच्या खोल्यांमागे आंब्याच्या झाडाखाली आम्ही तिघे बसलो. चौथी एक मुलगी कोपऱ्यात उभी राहिली. ती कोणत्या धर्माची, हे आम्ही विचारले नाही. सौं.नी जपमाळेची पाच रहस्ये म्हटली. उत्तरे ती हिंदीत देत होती, आम्ही मराठीत. त्यानंतर आम्ही त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचले. दिव्य दयेच्या रविवारी दर वर्षी संत योहानाचा तोच उतारा येतो : प्रभू शिष्यांमध्ये उभा राहिला, त्या पहिल्या रविवारी थोमा त्यांच्यात नव्हता. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला. मराठी तिला पुरते कळत नव्हते, म्हणून आम्ही मोडक्या हिंदीत गोष्ट सांगू लागलो. ‘‘मालूम है, अंकल,’’ ती म्हणाली. मग थोडी थांबून तिने विचारले, ‘‘थोमा उस दिन कहाँ गया था? काम पर?’’

आम्हांला उत्तर देता आले नाही. शुभवर्तमानात ते दिलेले नाही. तिने आपल्या सादरी भाषेतले एक गीत अगदी हलक्या आवाजात म्हटले, कारण पलीकडच्या खोल्यांत पाहुणे झोपले होते. सहा वाजले, तशी ती उठली आणि पंच्यांची टोपली घेऊन निघून गेली.

दुपारी निघताना अभिप्रायाचा कागद भरावयाचा होता. खोली, भोजन, स्वच्छता, सेवा, सर्वत्र आम्ही ‘उत्तम’वर खूण केली, कारण सर्व उत्तमच होते. ‘आपल्या सूचना’ या रिकाम्या ओळींत लिहिले की, कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना हवा असेल त्यांना महिन्यातून एक रविवार आळीपाळीने मिळावा, आणि त्या दिवशी मर्दनासाठी पाहुण्यांना थांबावे लागले तर थांबवावे. व्यवस्थापकांनी तो कागद वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. इतरांचे कागद टेबलावरच्या पेटीत जात होते, हे आम्ही पाहिले. याचा अर्थ काय घ्यावा, यावर मुरबाड येईपर्यंत आम्हां दोघांत मतभेद राहिला.

मुलांना फोन करून सांगितले की, फार छान विश्रांती मिळाली. पाठीपुरते ते खरेच होते.

वाहतूक कमी होती. संध्याकाळच्या मिस्सेला आम्ही वसईत वेळेवर पोहोचलो. शुभवर्तमान तेच होते. थोमाचे नाव आले, तेव्हा सौं.नी आमच्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहिले.

‘‘चारची ड्यूटी अजून चालू असेल,’’ त्या पुटपुटल्या.