चौथ्या महिन्याची गोळी

सरकारी आरोग्य उपकेंद्रात गर्भवतीच्या हातावर ठेवली जाणारी लाल गोळी देशभर एकसारखीच असते. तिच्यात साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. लोहाविषयी सगळे बोलतात. मळमळ होते, शौचाला काळी होते, तोंडाला धातूची चव येते म्हणून अनेक घरांतून त्या गोळ्या डब्यात तशाच पडून राहतात, याचा दोषही लोहाकडेच जातो. दुसऱ्या घटकाचे नाव मात्र फारसे कोणी उच्चारत नाही. त्याच्या शोधाची वाट मुंबईच्या परळमधून गेली आहे, ही गोष्ट तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. केंब्रिजला तिने वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला होता आणि वैद्यकीय पदवी पुढे लंडनमध्ये मिळवली होती. काम होते माता-मृत्यूंच्या चौकशीचे. गरोदरपणात बायकांचे रक्त एकाएकी पातळ होई, त्या पांढऱ्याफटक पडत, आणि बाळंतपणाच्या आसपास कित्येकजणी दगावत. हा रक्तक्षय लोहाच्या उणिवेचा नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने अवाढव्य दिसत. रोगी बहुतेक गिरणगावातल्या, गरीब घरच्या. हाफकिन संस्थेत बसून विल्सबाईंनी प्रथम जंतूंचा माग काढला. तो हाती लागला नाही, तेव्हा त्या ताटाकडे वळल्या. कोणत्या घरात काय शिजते, भाजीपाला किती, फळे किती, दूध किती, याच्या नोंदी होऊ लागल्या. आजार जिथे जास्त, तिथले ताट हिरव्या पाल्याला आणि प्रथिनांना पारखे होते.

आज हे वाचताना साधे वाटते. त्या काळी मात्र वैद्यकशास्त्राला जंतूंची इतकी सवय झाली होती की, एखादा आजार काहीतरी असल्यामुळे नव्हे तर काहीतरी नसल्यामुळे होतो, हे पटवून देणे कष्टाचे काम होते. १९२९ मध्ये त्या काही महिने नीलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या. तिथे रॉबर्ट मॅकॅरिसन उंदरांना निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे जेवण देऊन त्यांची वाढ तपासत असत. विल्सबाईंनीही उंदीर पाळले, पुढे माकडे पाळली, आणि त्यांना मुंबईतल्या गरीब घरचेच अन्न दिले. खंगत चाललेल्या माकडांना मार्माइट दिले तेव्हा त्यांचे रक्त सावरू लागले. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर पिंपाच्या तळाशी उरणाऱ्या यीस्टचा अर्क: काळपट, चिकट, खारट, आणि ज्याची सवय नसेल त्याला तोंडात धरवणार नाही असा. महागड्या यकृत-अर्काच्या मानाने तो स्वस्त होता, हे महत्त्वाचे. नंतर तोच गर्भवतींना दिला गेला आणि काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या, कोवळ्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे निष्कर्ष छापले.

त्या अर्कातला नेमका पदार्थ कोणता, हे मात्र विल्सबाईंना सांगता आले नाही. पुष्कळ वर्षे त्याला ‘विल्स घटक’ एवढेच नाव होते. परंतु एक धागा त्यांनी पक्का पकडला. शुद्ध केलेला यकृत-अर्क दुसऱ्या एका प्रसिद्ध रक्तक्षयावर गुणकारी ठरे, आणि या रुग्णांवर तो चालत नसे. कच्चे यकृत मात्र चाले. म्हणजे यकृतात रक्त घडवणाऱ्या दोन निराळ्या वस्तू होत्या आणि शुद्धीकरणात त्यांतली एक गळून पडत होती. जी टिकली ती पुढे ब-१२ म्हणून ओळखली गेली. जी गळाली तीच विल्सबाईंची.

१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालक उपसून ती वस्तू वेगळी काढली. पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून तिचे नाव पडले फोलिक आम्ल. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत ती कृत्रिमरीत्या तयार झाली, आणि त्या चमूचे प्रमुख होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ तरुणपणी संग्रहणीने, काही दिवसांच्या अंतराने, गेले होते. त्यांना स्वतःलाही त्या आजाराने ग्रासले होते. फोलिक आम्ल हाती आल्यावर संग्रहणीच्या रुग्णांतला रक्तक्षय त्याने हटू लागला. भावांच्या मृत्यूला तेव्हा वीसहून अधिक वर्षे उलटून गेली होती. सुब्बाराव १९४८ मध्ये वारले. त्याच वर्षी, फोलिक आम्लाच्या रेणूत थोडा फेरफार करून त्यांच्याच चमूने घडवलेल्या औषधाने रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांत तात्पुरती का होईना सुधारणा दिसल्याचे सिडनी फार्बर यांनी जाहीर केले. पेशी वाढवणारे तेच अडवले तर पेशी थांबतात, असा हा सरळ तर्क होता.

या तर्काचे मूळ शरीराच्या रसायनात आहे. पेशी दुभंगायची तर तिच्या डीएनएची नवी प्रत लागते, आणि त्या प्रतीतला एक घटक तयार करताना कार्बनचा एकेक अणू उचलून द्यावा लागतो. फोलेट हा त्याचा हमाल. तो नसला की अस्थिमज्जेतली पेशी फुगत राहते, पण दुभंगत नाही. परळच्या काचपट्टीवर दिसलेल्या त्या अवाढव्य पेशी म्हणजे न झालेल्या विभाजनाचे अवशेष. शिवाय हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. भाजी उकळून पाणी ओतून दिले की त्यातला बराच भाग मोरीत जातो. यकृतात ब-१२चा साठा काही वर्षे पुरतो, फोलेटचा मात्र काही महिनेच. गर्भारपणात मागणी वाढली की तो आणखी लवकर आटतो.

आता पुन्हा त्या लाल गोळीकडे. ती सुरू होते चौथ्या महिन्यापासून. रक्तक्षयासाठी हे ठीक आहे. पण गर्भाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते. मिटली नाही तर मूल जन्मतः पांगळे होते किंवा जगतच नाही. ज्या मातांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल दिल्यास पुन्हा तसे घडण्याची शक्यता ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने दाखवले. अठ्ठाविसाव्या दिवशी कित्येक बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. पहिल्या तीन महिन्यांत नुसत्या फोलिक आम्लाची गोळी द्यावी असा नियम आहे, पण त्यासाठी बाईने आधी केंद्रात नाव नोंदवायला हवे. नववधूला कोणी आरोग्य केंद्रात पाठवत नाही. तिला पाठवतात ते पाळी चुकून बरेच दिवस झाल्यावर.

ही फट बुजवण्याचा एक मार्ग म्हणजे जीवनसत्त्व अन्नातच मिसळणे. रेशनच्या पोषणयुक्त तांदळात दर किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असावे, असे प्रमाण ठरले आहे. सोबत ब-१२ही असते, आणि ते असायलाच हवे. नुसत्या फोलिक आम्लाने रक्त सुधारते, परंतु ब-१२ची उणीव असेल तर आतून मज्जातंतू झिजत राहतात आणि रक्ताच्या तपासणीत ते लपून जाते. शाकाहारी ताटांच्या या देशात हा धोका कागदावरचा नाही. हे दाणे तांदळाच्या पिठात पोषकद्रव्ये कालवून यंत्रातून काढलेले असतात आणि साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. रंगाने ते किंचित वेगळे दिसतात, पाण्यात कधी तरंगतात. ठिकठिकाणी बायका ते प्लास्टिकचे समजून सुपात बाजूला काढतात आणि अंगणात टाकून देतात.