परका विस्तव

गाइडांवरून उत्तरे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी आमचे मत आमच्या महाविद्यालयात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. गेली अठ्ठावीस वर्षे आम्ही ते वर्गात, शिक्षकांच्या खोलीत आणि श्रोता सापडल्यास लोकलगाडीतही मांडीत आलो आहोत. मूळ नाटक न वाचता त्याचे सार घोकणारा आणि न जेवता ढेकर देणारा यांत आम्ही भेद मानीत नाही. असे असता, गेल्या महिन्यातील एका रविवारी भर दुपारी, चष्मा कपाळावर सरकवून आणि पुठ्ठ्याचे एक खोके डोळ्यांजवळ धरून, त्याच्या पाठीवर छापलेल्या सूचना मोठ्याने वाचीत आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो. खोक्यात चॉकलेटच्या कुकीजचे तयार मिश्रण होते. मैदा, साखर, कोको, सोडा, सगळे दुसऱ्या कोणी मोजून, चाळून, एकत्र करून ठेवलेले. आमच्याकडे काम उरले होते ते कालवण्याचे आणि भाजण्याचे. गाइड ते याहून निराळे काय असते?

हा प्रसंग ओढवला तो आमच्या आईमुळे. तिचे वय चौऱ्याऐंशी. विलेपार्ल्यातील ज्या तीन मजली इमारतीत ती लग्न होऊन आली आणि आम्ही लहानाचे मोठे झालो, ती दीड वर्षापूर्वी पुनर्विकासासाठी पाडण्यात आली. नवी उभी राहीपर्यंत आम्ही अंधेरीस भाड्याच्या जागेत राहतो. पार्ल्याच्या पुढचेच स्टेशन अंधेरी. पण आईला तेवढे अंतर ओलांडता आलेले नाही. तिची स्मरणशक्ती हळूहळू क्षीण होत चालली आहे. वार गेले, नातलगांची नावे गेली, सकाळ की संध्याकाळ हेही कधी विचारावे लागते. पार्ले तेवढे राहिले. रोज चहाच्या वेळी ती खिडकीशी बसते, समोरच्या मेट्रोच्या खांबांकडे संशयाने पाहते आणि विचारते, “आज बिस्किटांचा वास कसा येत नाही रे?”

पार्लेकरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. इतरांसाठी सांगावयाचे, तर १९२९ साली मोहनलाल दयाळ चौहान यांनी पार्ल्यास गोळ्यांचा कारखाना काढला. ती विद्या आणि यंत्रे त्यांनी जर्मनीहून आणली होती. १९३९ पासून तेथे बिस्किटे होऊ लागली. गावाने कारखान्याला नाव दिले आणि कारखान्याने ते देशभर पोचवले. गाडी स्टेशनात शिरली की भाजलेल्या पिठाचा आणि साखरेचा वास डब्यात येई, आणि उभ्याउभ्या पेंगणारा मनुष्यही उतरण्याच्या तयारीला लागे. २०१६ साली तेथील उत्पादन थांबले. हे सर्व आम्ही आईला निदान शंभर वेळा सांगितले असेल. ती नीट ऐकून घेते, “असं होय?” म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा विचारते.

त्या प्रश्नामागोमाग अलीकडे दुसरा येऊ लागला होता. “नानकटाई संपली का?” प्रथम आम्हांस वाटले, यात काय अवघड आहे? कोपऱ्यावरच्या बेकरीतून पावशेर नानकटाई आणली. आईने एक उचलली, अर्धी मोडून तोंडात टाकली, उरलेली अर्धी बशीत परत ठेवली आणि म्हणाली, “ही विकतची.” दुसऱ्या दुकानातून आणली, तिसऱ्यातून आणली. प्रत्येक वेळी अर्धी खाल्ली जाई, अर्धी बशीत परत येई, आणि निकाल तोच. ज्या बाईला आज कोणता महिना आहे हे सांगता येत नाही, तिची जीभ इतकी पक्की कशी, हे आम्हांस कळेना.

ज्या उपनगरात बिस्किटे टनांनी भाजून निघत, त्याच उपनगरातल्या बायका दिवाळीपूर्वी आपापला मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन लहानशा बेकरीच्या मागच्या दाराशी रांग लावीत. आमच्या लहानपणी यात कोणाला काही चमत्कारिक वाटत नसे. आई आदल्या रात्री मैदा चाळून ठेवी. सकाळी परातीत घरचे कढवलेले तूप आणि पिठीसाखर घेऊन ती तळहाताने फेसावयास बसे. पिवळसर तूप पांढरे, हलके, दुधाच्या सायीसारखे होईपर्यंत हात चाले. ती घड्याळाकडे पाहत नसे. तूप सांगेल तेव्हा हात थांबे. फेसताना तुपात जी हवा कोंडली जाते तिनेच पुढे नानकटाई खुसखुशीत होते, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी एका इंग्रजी पुस्तकात वाचले आणि मोठा शोध लागल्यासारखा तिला सांगितले. “मग? त्याशिवाय का कोणी हात दुखवून घेतंय?” एवढेच ती म्हणाली.

डबे घेऊन नंबर धरण्यास आम्हांस पुढे पाठवीत. बेकरीत लाकडाची भट्टी होती. तिच्या तोंडाशी घामाने निथळणारे कामगार लांब दांड्याच्या फावड्याने काळे पत्रे आत सारीत आणि बाहेर ओढीत. आई मागून येई, पत्र्यावर गोळे वळून मांडी, प्रत्येकावर एक चारोळी दाबी आणि पत्र्याच्या कडेला नावाची चिठ्ठी खोची. मजुरी वजनावर ठरे. किती मांडल्या ते ती मोजून ठेवी आणि परत घेताना पुन्हा मोजी. कारण भट्टीवर दोनचार नानकटाया ‘उडतात’ अशी त्या रांगेतल्या यच्चयावत् बायकांची खात्री होती. घरी आल्यावर आई तिसऱ्यांदा मोजी आणि खरोखरच दोनतीन कमी भरत. मग भट्टीवाल्यांच्या नावाने बोटे मोडली जात. डबा घेऊन घरापर्यंत कोण आले, हा प्रश्न आमच्या सुदैवाने कधी निघाला नाही.

त्या बेकरीची जागा आता औषधांच्या दुकानाने घेतली आहे. अशा भट्ट्या उरल्या आहेत त्यांचेही दिवस भरत आले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. शहराच्या फुप्फुसांचा विचार करता निर्णय योग्य आहे, आणि दम्याचा रोगी या नात्याने आमची त्यास मान्यता आहे. नाकाचे मत विचारल्यास मात्र ते वेगळे पडेल.

आम्हांस वारंवार नवल वाटते ते त्या ‘घरची’ या शब्दाचे. विस्तव परका, लाकूड परके, पत्रा परका, आत सारणारा आणि बाहेर काढणारा हात परका; तरी नानकटाई घरची. तीत घराचे काय होते? मैदा वाण्याकडचा, साखर रेशनवरची. तूप घरचे खरे. बाकी होते ते माप. तुपाला साखर किती आणि मैदा किती, हे आईच्या हाताला ठाऊक होते आणि त्यावरच तिची मालकी होती. आता आमच्या पुढ्यात जे होते ते नेमके उलटे. विस्तव आमचा, म्हणजे घरमालकाने ओट्याखाली बसवून दिलेला विजेचा ओव्हन; आणि माप परके, कोण्या अनोळखी कारखान्याचे.

परक्या मापाचा आम्हांस विटाळ आहे असे कोणी समजू नये. पुण्याच्या गिट्स कंपनीचा जन्म १९६३ सालचा. तिच्यासारख्यांच्या तयार पिठांचे गुलाबजाम खाऊन आमच्या पिढीने बारशी आणि वाढदिवस साजरे केले आहेत, आणि आमच्या घरी त्याला आईनेही कधी नाक मुरडले नाही. आणि हे तयार पीठ विकणारे लोक मनुष्यस्वभाव ओळखण्यात आम्हां प्राध्यापकांपेक्षा पुढे आहेत. अमेरिकेत पिट्सबर्गच्या डफ नावाच्या कारखानदारांनी १९३० नंतरच्या दशकात अशा पिठांची पेटंटे घेतली. प्रथम त्यांनी अंडेसुद्धा वाळवून पिठातच घातले होते; बाईने नुसते पाणी ओतावयाचे. पुढच्या पेटंटात त्यांनी अंडे काढून टाकले, कारण ताजे अंडे आपल्या हाताने फोडून घालणे गृहिणींना आवडते असे त्यांच्या ध्यानात आले. ही युक्ती पुढे १९५० च्या सुमारास अर्नेस्ट डिक्टर या मानसशास्त्रज्ञाच्या नावावर जमा झाली आणि आजही तशीच सांगितली जाते. श्रेय ज्याचे त्याला मिळत नाही ही तक्रार केवळ आमच्याच खात्यात नाही तर! काही का असेना, पदार्थात आपले म्हणून काहीतरी पडल्याशिवाय तो आपला वाटत नाही, हे त्या डफने ओळखले होते.

आमच्या खोक्यावर हिरवा ठिपका होता, त्यामुळे अंड्याचा प्रश्न नव्हता. दूध आणि लोणी आपले घाला, असे लिहिले होते. हे खोके आमच्या कन्येने मागच्या खेपेस बंगळुराहून येताना आणले होते. “बाबा, पाच मिनिटांचं काम आहे, तुम्हांलासुद्धा जमेल,” या तिच्या वाक्यातील ‘सुद्धा’ आमच्या ध्यानात राहिले होते. सौभाग्यवती त्या आठवड्यात तिच्याचकडे गेल्या होत्या. घरात लोणी नव्हते, तूप होते. दूरध्वनी केला. पलीकडून प्रथम हसू आले, मग उत्तर: “अहो, लोण्यात पाणी असतं, तूप त्याच्याहून थोडं कमी घ्या. आणि ओव्हन आधी तापवून ठेवा.” थोडे म्हणजे किती, असे आम्ही विचारले. “अंदाजाने,” असे उत्तर आले आणि दूरध्वनी बंद झाला.

अंदाजाने! हाच शब्द पूर्वी आईच्या तोंडून आम्ही किती वेळा ऐकला होता. घरात कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ होते. १९७० साली निघालेल्या त्या पुस्तकाने वाटी-चमच्याचे माप देऊन मराठी मुलींच्या दोन पिढ्यांना हात दिला. पण नानकटाईसाठी आईने ते उघडलेले आम्हांस आठवत नाही. तिचे माप तिच्याजवळ होते आणि ते तिने कोठे लिहून ठेवले नाही. आम्ही तरी कोठे लिहून घेतले? मिल्टनच्या एकेका ओळीवर आम्ही पानपानभर टिपा काढल्या, त्यांच्या वह्या आजही कपाटात आहेत. आईच्या परातीत किती वाट्या तूप पडते, हे विचारावे असे मनातसुद्धा आले नाही. गेल्या वर्षी विचारले, तेव्हा ती पुष्कळ वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “हातात घेतलं की कळतं.” हातात द्यावे म्हणून आम्ही परात पुढे केली. तिने ती मांडीवर घेतली, रिकाम्या परातीत हात फिरवला आणि बाजूला ठेवली.

असो. मिश्रण कालवले, चोवीस गोळे वळले, पत्र्यावर मांडून किंचित दाबले. १८० अंशांवर बारा मिनिटे, अशी खोक्याची आज्ञा होती. आम्ही ओव्हनच्या काचेसमोर स्टूल घेऊन बसलो. येथे एक अडचण निघाली, जिचा खोक्यावर उल्लेख नव्हता. भाजल्या जाणाऱ्या पदार्थावर आपण लक्ष ठेवतो ते रंगावरून. कड तांबूस झाली की उतरवावे, हे पाककलेतील अडाण्यालाही कळते. पण कोकोमुळे हे पीठ मुळातच काळे. कच्चेही काळे, भाजलेलेही काळे आणि करपलेलेही काळेच. आमच्या विद्येला पाहण्याजोगे तेथे काहीच उरले नाही. आम्ही मनगटावरील घड्याळाकडे पाहत राहिलो.

साडेनऊ मिनिटे झाली असतील. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला. “काढ रे ते. खाली लागेल आता.”

खोके म्हणत होते बारा. आम्ही क्षणभर थांबलो. छापील शब्दावरची अठ्ठावीस वर्षांची श्रद्धा अशी एकदम सुटत नाही. पुन्हा आवाज आला, आणि या वेळी त्यात जरब होती. ती चाळीस वर्षांपूर्वीची जरब होती. आम्ही फडक्याने पत्रा ओढला. एक कुकी उलटून पाहिली. तळ भाजून अगदी कडेवर आला होता; आणखी एक मिनिट, आणि सगळा घाणा कडू झाला असता. मधला भाग मात्र इतका मऊ, की सगळे कच्चे राहिले असे वाटून पोटात गोळा आला. खोक्याची शेवटची ओळ आम्ही वाचली नव्हती: थंड झाल्यावर कडक होतील. उलटलेली कुकी बोटांत मोडली. मोडलेली वस्तू पाहुण्यांपुढे ठेवू नये म्हणून ती आम्ही उभ्याउभ्याच संपवली.

अर्ध्या तासाने ताट घेऊन आम्ही बाहेर गेलो. चहा तयार होता. आईने ताट मांडीवर घेतले आणि त्या काळ्या चकत्यांकडे निरखून पाहिले.

“भट्टीवाल्याला पैसे दिलेस?”

“दिले.”

मग तिने तर्जनीने एकेक चकती हळूच दाबत मोजावयास सुरुवात केली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. आम्ही काही बोललो नाही.

“तेवीस,” ती म्हणाली. “मांडल्या किती होत्यास?”

“चोवीस.”

“एक कमी आहे.”

“भट्टीवर उडाली असेल,” आम्ही म्हणालो.

आईने एक उचलली, मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिली. “भट्टीवाले कशाला घेतील?” ती म्हणाली. “वाटेत तू खातोस.” आणि उरलेली अर्धी बशीत न ठेवता तिने आमच्या हातावर ठेवली.