तिखट शेवया

भोपाळात चिनी जेवण मिळते, एवढे सांगण्यासाठी कुणी दिवाळी अंकाचे पान अडवू नये. पण आमच्या घरातला एक तंटा न्यू मार्केटमधल्या एका चिनी हॉटेलात सैल झाला, म्हणून लिहिते.

बाबा नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली, नागपूरची राजधानी गेली आणि शेती खात्यातल्या कारकुनीसकट बाबा भोपाळला आले. दोन वर्षांत परत जाऊ म्हणता म्हणता तीस वर्षे झाली. उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मराठी, हा त्यांचा कायदा. दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्यांना तो समजावून सांगायला नको. १९८७ साली दादाने सिहोरकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी पसंत केली, तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, "म्हणजे घरातली मराठी संपली." आणि दादाशी बोलेनासे झाले.

दोन्ही घरांनी भेटायचे कुठे? त्यांच्याकडे गेलो तर होकार धरला जाणार, आमच्याकडे बोलावले तरी तेच. दादा म्हणाला, चिनी हॉटेलात. आईने कपाळावर हात मारला.

आत अंधार, लाल कंदील, भिंतीवर ड्रॅगन, टेबलावर सिरक्यात बुडवलेल्या हिरव्या मिरच्या. गोड मक्याचे सूप आले. ते प्यायचे की खायचे, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना सारखेच ठाऊक नव्हते. पाहुणा कोण, यजमान कोण, हा प्रश्नच उरला नाही. मागोमाग नूडल्स आल्या. काट्यावरून घसरल्या त्या थेट बाबांच्या धोतरावर. "शेवया, आणि तिखट!" बाबा मराठीतच ओरडले. मुलगी खाली मान घालून हसली. तिला कळले होते.

मग गोबी मांचुरियन. (हा पदार्थ मांचुरियाचा नव्हे. कलकत्त्याचे नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात कोंबडीचा तसला पहिला प्रकार केला असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची आपलीच; फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस.) तिच्या वडिलांनी काळ्या रश्शाकडे बोट दाखवून विचारले, "ये काला क्या है?"

बाबांचे सारे आयुष्य शेती खात्याच्या फायलींत गेलेले. त्यांनी हिंदीत सुरुवात केली. हा सोयाबीनचा रस. दाणे शिजवून, गव्हाबरोबर आंबवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. चीनची जुनी विद्या. समोरचा माणूस चमचा हातात धरून ऐकत राहिला. दहा वर्षे तो सोयाबीन पेरत होता, मंडीत विकत होता. तेल निघते, पेंड परदेशी जाते, इतके त्याला माहीत. पण आपल्या शेतातला दाणा त्याने जिभेवर कधी ठेवला नव्हता. खात नाहीत तर पेरता कशाला, असे आईने विचारले. "भाव मिलता है, बहनजी." पुढचा तासभर पाऊस, बियाणे, भाव. दादाच्या लग्नाचा शब्दही निघाला नाही. लग्न मात्र त्या हिवाळ्यात झाले.

बिलावरून दोघे व्याही इतके भांडले की वेटर मध्ये पडला.

बाबांनी पुढे सोया सॉसची बाटली घरी आणली आणि एकदा आमटीत घातली. ती आमटी आईने गाईलाही घातली नाही. घरातल्या मराठीचे म्हणाल तर ती संपली नाही, पण धडही राहिली नाही. वहिनी सणावारी मराठी बोलते, रागावते हिंदीत. बाबा गेले. त्यांची नात आता एम.पी. नगरच्या गाडीवर मोमो खाते आणि मला फोनवर सांगते, "आत्या, मी येऊन राहिली." हे हिंदीचे की आजोबांच्या नागपूरचे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.