वडिलोपार्जित चेहरा

वडिलोपार्जित इस्टेटीवरील हक्क माणसास सोडता येतो. वडिलोपार्जित चेहऱ्यावरील हक्क मात्र सोडतो म्हटल्याने सुटत नाही. आमच्या आईच्या दोन्ही गालांवर वांग होते. ते आमच्या वाट्यास आले आणि पुढे आमच्या कन्येकडे गेले. आम्ही पडलो पुरुष. आमच्याकडे कोणी निरखून पाहिले नाही. कन्येस पाहावयास आलेल्या मंडळींनी मात्र चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वीच ते टिपले.

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील परी फुलांवरील ठिपक्यांना माणके समजते, हे वर्गात आम्ही वर्षानुवर्षे किती रसाळपणे सांगत आलो! आणि घरी? येथल्याच, नांदेडच्या एका दुकानातून गोरेपणाच्या मलमाची ट्यूब आम्हीच आणून कन्येच्या हाती ठेवली. दोन महिने चेहरा उजळला. मग लाल होऊन आग करू लागला, आणि मलम थांबवताच वांग पूर्वीहून गडद झाले.

डॉक्टरांनी ट्यूब पाहिली आणि कपाळास हात लावला. तीत स्टेरॉइड होते. अशा अनेक मलमांवर सरकारने २०१८ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले आहे. पण आम्हांस चिठ्ठी मागितली कोणी, आणि आम्ही तरी विचारले कोठे?

गोऱ्या युरोपीय मुलांच्या नाकावर उमटणारे बारीक ठिपके निराळे. त्यांचे मूळ मुख्यतः सोळाव्या गुणसूत्रावरील एमसी१आर या जनुकात सापडते. आपल्याकडील वांग इतके सरळ नाही. तेही पुष्कळदा कुळातूनच उतरते, पण गरोदरपण, संप्रेरके आणि ऊन त्यास जागे करतात. सुश्रुताने यासच ‘व्यंग’ म्हटले व क्रोध आणि श्रम ही कारणे सांगितली. मराठवाड्याच्या उन्हात शेतावर राबलेल्या आमच्या आईस निदान श्रमाचे कारण तरी तंतोतंत लागू पडत होते!

बीज आपल्या हाती नाही. ऊन थोडेफार आहे. दुपारचे बाहेर पडणे टाळावे. छत्री, रुंद काठाची टोपी वा पदर घ्यावा. एसपीएफ ३० वा अधिक असलेले सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावावे. काचेतूनही काही किरण आत येतात, हेही ध्यानात ठेवावे.

परवा कन्येने विचारले, “बाबा, आजीचे वांग तुम्हांला कधी खुपले?”

खुपणार कसे? त्यावाचून आईचा चेहरा आम्हांस ओळखूच आला नसता. एवढे एक वाक्य ट्यूब आणण्यापूर्वी तिला सांगावयास हवे होते.