पावती मागायची कशी?

चांदूर रेल्वेकडच्या कास्तकाराला कापूस घरात फार दिवस ठेवणं जड जातं. जागा नसते, अंगाला खाज सुटते, आगीची धास्ती असते आणि पैशाची नड तर असतेच. मग काही जण माल ओळखीच्या व्यापाऱ्याकडे टाकतात. भाव मागाहून, चढला की ठरवायचा. कागद असलाच तर वजनाची चिठ्ठी.

शेजारच्या काकांचा यंदा हाच बेत होता. पोरानं मोबाइलवर एआयला विचारलं. उत्तर शुद्ध मराठीत आलं: लेखी करार करा, पावती घ्या, धरमकाट्यावर वजन तपासा. त्यात खोट काढायला जागा नव्हती. काका म्हणाले, "पावती मांगतली त त्याले वाईट लागन ना. माह्या बापाच्या तेरवीले आलता तो."

पोरानं तेही टाइप केलं, तर संबंध न दुखावता पावती मागायची वाक्यं हजर! म्हणजे दुखणं कुठे आहे ते यंत्राला सापडतं. माझी शंका वेगळी आहे. ही यंत्रं लिहिलेल्या मजकुरावर शिकतात, आणि विश्वास शाबूत असतो तिथे लिहायची वेळच येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बोलीवर चाललेल्या व्यवहाराचा माग कुठल्या दप्तरात काढणार? कागद होतो तो बिनसल्यावर. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. मापात नि कपातीत शेतकरी नाडला जाई, हे त्यामागचं एक कारण. (इंग्रजांना आपल्या गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता, हे दुसरं.) यंत्राच्या वाचनात येतो तो हा असा, मोडलेल्या भरवशाचा इतिहास.

पण काकांचा भरवसा तरी कुठे निर्भेळ आहे? पेरणीच्या वेळी बियाण्याखताचे पैसे त्याच व्यापाऱ्यानं दिले होते. देणेकरी माणूस पावती कोणत्या तोंडानं मागणार? आपण ज्याला विश्वास म्हणतो, त्यात पुष्कळदा नाइलाजच मुरलेला असतो. ही उसनवारी काकांनी पोरालासुद्धा सांगितली नव्हती, मग मोबाइलला काय कळणार?

पावती काही त्यांनी मागितली नाही. गाडीत निम्माच कापूस भरला आणि उरलेला "वाळला नाई अजून" म्हणून घरी ठेवला. एवढं कडक ऊन पडत असताना तो ओला कसा राहिला, हे व्यापाऱ्यानंही विचारलं नाही.